सरकारी प्रकल्पात ठरवून दिलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेतून सवलत कशी मागावी

सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेत, तांत्रिक अटींच्या पानांत कुठेतरी एक ओळ असते: 'सदर प्रणाली जावा तंत्रज्ञानात विकसित करण्यात यावी.' कधी जावाच्या जागी डॉटनेट असतं, कधी पीएचपी. निविदा भरायच्या गडबडीत ही ओळ कुणी दोनदा वाचत नाही. काम मिळतं, टीम बसते, आणि मग लक्षात येतं की एखादं मॉड्यूल या भाषेत करायचं तर दुप्पट मेहनत आहे. मग 'साहेब, हे पायथनमध्ये केलं तर चालेल का?' असं तोंडी विचारलं जातं. साहेब 'बघू' म्हणतात. टीम त्या 'बघू'ला होकार समजून कामाला लागते आणि यूएटीच्या (प्रणाली स्वीकारण्यापूर्वी विभाग घेतो त्या चाचणीच्या) वेळी प्रकरण अंगाशी येतं.

पुण्यातल्या छोट्या कंपन्यांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आधी विकसक म्हणून आणि पुढे निविदा भरणाऱ्या बाजूने काम करताना या वाटेवरचे खाचखळगे ओळखीचे झाले. पहिल्यांदाच सरकारी काम घेणाऱ्यांसाठी ते इथे लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. तुमची आवडती भाषा किती चांगली आहे, हा अधिकाऱ्यापुढचा प्रश्न नसतो. त्यांना फाइलवर सही करायची असते. काही वर्षांनी त्यांची बदली झालेली असेल, तुमचं कंत्राट संपलेलं असेल, आणि लेखापरीक्षणात कुणीतरी विचारेल की निविदेची अट कुणी आणि कशासाठी शिथिल केली. त्या दिवशी फाइलमधल्या कागदानेच उत्तर दिलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदासाठी आहेत.

१. अट आली कुठून ते आधी शोधा

भाषेची अट निविदेत येण्याच्या वाटा ठरावीक असतात आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा असतो.

पहिली वाट म्हणजे देखभाल. विभागाच्या बाकीच्या प्रणाली जावात आहेत, त्या सांभाळणारी माणसं जावाची आहेत, डेटा सेंटरमधली व्यवस्थाही तशीच लावलेली आहे. ही अट खरी आहे. तिथे सवलत मागायची तर 'पुढे कोण सांभाळणार' याचं उत्तर घेऊनच जावं लागतं.

दुसरी वाट म्हणजे जुन्या निविदेवरून उतरवलेला मजकूर. याची खूण ओळखायला सोपी आहे: आवृत्त्यांचे आकडे शिळे असतात. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला, पायथन २ चा १ जानेवारी २०२० ला, पीएचपी ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. यातलं काही नव्या निविदेत दिसलं तर ती ओळ कुणी विचार करून लिहिलेली नाही, असं खुशाल समजा. इथे तुम्हाला भाषा बदलायचीही गरज नसते, आवृत्ती बदलून मागायची असते, आणि ही मागणी सगळ्यात लवकर मान्य होते. 'आधार संपलेल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे सुरक्षा लेखापरीक्षणात आक्षेप येईल' हे एक वाक्य पुरतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत गंभीर सुरक्षा-त्रुटी सापडली, तेव्हापासून हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे धोरण. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. ई-गव्हर्नन्सच्या कामात मुक्त स्रोताला पसंती द्यावी आणि पुरवठादार ते सोडून दुसरं काही सुचवत असेल तर त्याने कारण द्यावं, असं त्यात आहे. पण त्याच धोरणात अपवादही लिहिलेले आहेत: विशिष्ट क्षेत्रात गरज भागवणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच नसेल, तातडीची किंवा सामरिक गरज असेल, किंवा त्या तंत्रज्ञानाचं कौशल्य उपलब्ध नसेल, तर पुरेसं कारण देऊन संबंधित संस्था अपवाद करू शकते. अट धोरणातून आलेली असेल तर पत्रात त्या धोरणातलाच अपवाद दाखवा. अधिकाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर नवीन पायंडा पाडावा लागत नाही, लिहिलेल्या नियमाचा आधार मिळतो.

चौथी शक्यता अशी की निविदा तयार करून देणाऱ्या सल्लागाराला तेच तंत्रज्ञान ठाऊक होतं. तसं वाटलं तरी कुणाच्या हेतूबद्दल पत्रात एक अक्षर लिहू नका. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १४४ मध्ये म्हटलं आहे की खरेदीचं वर्णन शक्यतो कामाच्या गरजेवरून, सर्वसाधारण आणि मोजता येईल असं असावं, विशिष्ट ब्रँडचं नाव त्यात नसावं. त्याचा सौम्य उल्लेख पुरे. महाराष्ट्र शासनाची खरेदीची स्वतःची कार्यपद्धती आहे, म्हणून निविदा राज्याची की केंद्राची हे पाहूनच नियम उद्धृत करा. राज्याच्या विभागाला केंद्राचा नियम दाखवला की पत्र तिथेच पातळ होतं.

२. सवलत खरंच लागते का, ते तपासा

या पायरीला जास्तीत जास्त वेळ द्या. ओळखीच्या एका कामाचं उदाहरण सांगतो. जुन्या छापील मराठी अभिलेखांची स्कॅन केलेली पानं वाचून त्यातला मजकूर शोधण्याजोगा करायचा होता. निविदेत सगळीकडे जावा. टीमने पत्राचा मसुदा केला: 'जावामध्ये मराठी अक्षरओळख शक्य नाही, सबब संपूर्ण मॉड्यूल पायथनमध्ये करण्यास परवानगी मिळावी.'

हे वाक्य टिकणारं नव्हतं. टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं मुक्त स्रोत इंजिन मुळात सी प्लस प्लसमध्ये आहे, त्यात मराठीचा डेटा आहे, आणि टेसफोरजे नावाच्या लायब्ररीतून ते जावातून वापरता येतं. तांत्रिक समितीत बसलेला एखादा प्राध्यापक हे दोन मिनिटांत सांगेल, आणि एक विधान खोटं ठरलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

खरं कारण वेगळं होतं. टेसरॅक्टची अचूकता त्या पिवळ्या पडलेल्या पानांवर कमी पडत होती, म्हणून टीम पायटॉर्च या पायथनच्या लायब्ररीत स्वतःचं अक्षरओळखीचं मॉडेल शिकवत होती. मग कामाचे तुकडे केले. मॉडेल शिकवणं हे कंपनीच्या संगणकांवर होतं. ते विभागाकडे चालणाऱ्या प्रणालीचा भागच नाही, त्याला सवलत कशाला? शिकवलेलं मॉडेल ओएनएनएक्स या, वेगवेगळ्या भाषांतून चालवता येणाऱ्या, स्वरूपात काढून जावातून चालवता येतं, कारण ओएनएनएक्स रनटाइमला जावाची जोडणी आहे. तिथेही सवलत नको. शेवटी उरलं एवढंच: पान सरळ करणं, ओलीचे डाग पुसणं, रकान्यांच्या रेघा वेगळ्या करणं. यातलं काही सायकिट-इमेजवर उभं होतं आणि ती लायब्ररी पायथनचीच आहे. संपूर्ण मॉड्यूलची मागणी घटून एका छोट्या सेवेपुरती राहिली.

तुमच्या कामातही हीच कात्री चालवा. चाचणीच्या स्क्रिप्ट, डेटा एकदाच हलवण्याची साधनं, डेटाबेसमधल्या प्रोसिजर, बाहेरून घेतलेलं तयार सॉफ्टवेअर हे भाषेच्या अटीत येतं का, हे निविदेच्या शब्दांत पाहा. शब्द मोघम असतील तर सवलत मागू नका, स्पष्टीकरण मागा. स्पष्टीकरण देणं विभागाला फार सोपं जातं.

३. वेळ गाठा

सवलत मागायची उत्तम वेळ निविदापूर्व बैठकीच्या आधीची असते. प्रश्न पाठवण्याची शेवटची तारीख निविदेतच असते आणि ती बैठकीच्या तारखेच्या आधीची असते. बैठकीत उभं राहून विचारू, या भरवशावर राहू नका. प्रश्नांचा तक्ता ठरलेला असतो: पान क्रमांक, कलम क्रमांक, मूळ मजकूर, मागितलेला बदल किंवा स्पष्टीकरण. शेवटच्या रकान्यात निबंध लिहू नका. 'जावा अथवा समतुल्य' अशी किंवा 'कलम अमुक, फक्त मॉड्यूल तमुक वगळून' अशी थेट शुद्धिपत्रकात उचलता येईल अशी शब्दरचना द्या. विभागाने मान्य केलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्या बोलीदारांना लागू होतं. तुमच्या स्पर्धकांनाही ती सूट मिळेल, पण तुमच्या कागदावर पुढे कुणी बोट ठेवणार नाही.

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. प्रश्न विचारायचा राहिला, म्हणून काही जण तांत्रिक बोलीतच लिहून टाकतात: 'आम्ही हे मॉड्यूल पायथनमध्ये करू, हे गृहीत धरले आहे.' ही सशर्त बोली झाली. बहुतेक निविदांत सशर्त बोली नाकारण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो, आणि तो वापरला जातो.

कार्यादेश मिळाल्यानंतर मागायची वेळ आली तर वाट चढाची आहे. तेव्हा अधिकाऱ्याच्या डोक्यात रास्त शंका असते: ही अट आधीच सैल असती तर आणखी कंपन्या आल्या असत्या, दर वेगळे आले असते, मग आता एकालाच सूट कशी द्यायची? याचं उत्तर तुमच्या पत्रात हवंच. काम आणि किंमत तीच आहे, बदल एका तुकड्यापुरता आहे, आणि तो करण्याचं कारण निविदेच्या वेळी कुणालाही दिसण्याजोगं नव्हतं, हे पुराव्यासह दाखवा. 'आमच्याकडे जावाचे लोक कमी आहेत' हे कारण इथे चालत नाही आणि चालूही नये. ती माहिती तुम्हाला बोली लावताना होती.

४. पत्रात काय हवं

या बाबतीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा इतिहास उपयोगी पडतो. १९७० च्या दशकात त्यांच्या प्रकल्पांत शेकडो भाषा वापरात होत्या आणि देखभालीचा खर्च हाताबाहेर चालला होता. म्हणून त्यांनी स्पर्धेतून एडा ही भाषा तयार करून घेतली. १९८७ च्या निर्देशांनी ती शस्त्रप्रणाली आणि लष्करी नियंत्रणाच्या कामांसाठी सक्तीची केली, आणि १९९० मध्ये संसदेने अर्थविषयक कायद्यातच कलम घातलं: १ जून १९९१ नंतर, किफायतशीर असेल तिथे, खात्याचं सगळं सॉफ्टवेअर एडात लिहावं, संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने खास सूट दिली नसेल तर.

एवढ्या कडक कायद्यातही 'किफायतशीर असेल तिथे' आणि 'खास सूट' ही दोन दारं होती. सूट मागणाऱ्याने काय द्यायचं तेही ठरलेलं होतं: प्रणालीच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च, आणि तांत्रिक कामगिरी व वेळापत्रकावर होणाऱ्या परिणामांसह जोखमीचं विश्लेषण. सूट एका प्रणालीपुरती किंवा उपप्रणालीपुरती असे. बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर पसंतीच्या क्रमात एडाच्याही वर होतं. चालू प्रणाली जुन्या भाषेत राहू शकत होती, पण एकतृतीयांशापेक्षा जास्त सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं झालं तर तो मोठा बदल धरला जाई आणि एडाचा नियम लागू होई. सॉफ्टवेअरतज्ज्ञ बॅरी बोहम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेरविचार सुचवल्यावर, एप्रिल १९९७ मध्ये सहायक संरक्षणमंत्री एमेट पेज यांच्या पत्राने ही सक्ती संपली.

आपल्याकडच्या विभागांनी असा नमुना आखून दिलेला नसतो. म्हणून मी तोच नमुना वापरतो: आयुष्यभराचा खर्च, जोखीम, वेळापत्रक आणि सवलतीची हद्द. 'आमच्या टीमला ही भाषा येते' हे कारण त्यात कुठेच बसत नाही, कारण देखभालीच्या वर्षांबद्दल ते काहीच सांगत नाही.

वर सांगितलेल्या अभिलेखांच्या कामात पत्राचा गाभा साधारण असा बसतो:

'निविदेतील तांत्रिक अटींनुसार संपूर्ण प्रणाली जावा तंत्रज्ञानात विकसित करणे अपेक्षित असून, त्याप्रमाणेच काम सुरू आहे. केवळ स्कॅन प्रतिमांचे शुद्धीकरण करणारी सेवा पायथनमध्ये विकसित करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. सदर सेवा स्वतंत्रपणे चालेल व उर्वरित प्रणालीशी केवळ एपीआयद्वारे जोडलेली असेल. भविष्यात ती बदलावयाची झाल्यास उर्वरित प्रणालीत बदल करावा लागणार नाही. या बदलामुळे प्रकल्पाची किंमत, कालमर्यादा व सेवा-स्तराच्या अटी यांत कोणताही फरक पडणार नाही. सदर सेवेचा स्रोत, दस्तऐवज व प्रशिक्षण विभागाकडे विनामूल्य हस्तांतरित करण्यात येईल.'

यातलं चौथं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. चुकलं तर परत फिरता येईल, एवढी खात्री त्यातून मिळते. तसं वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येत नसेल तर तुमची रचना अजून तयार नाही. आधी ती दुरुस्त करा.

५. सोबत जोडायची कागदपत्रं

- मूळ निविदेचं संबंधित पान, कलमाखाली रेघ मारून
- प्रणालीचा आराखडा, सवलतीचा तुकडा वेगळ्या रंगात
- तुलनेचा तक्ता: ठरलेल्या भाषेत करून पाहिलेला छोटा नमुना आणि प्रस्तावित भाषेतला नमुना, दोन्ही त्याच पानांवर किंवा त्याच डेटावर चालवून
- देखभालीचा आराखडा: कंत्राट संपल्यावर कोण, कोणत्या कौशल्याचं, किती मनुष्यबळ
- वापरलेल्या सगळ्या घटकांची यादी, आवृत्ती आणि परवान्यासह
- किंमत आणि मुदत बदलणार नाही याचं कंपनीच्या लेटरहेडवर हमीपत्र

तुलनेचा तक्ता स्वतः चालवून काढलेला हवा. इंटरनेटवरचे वेगाचे आलेख जोडू नका. विभागाच्या डेटावरचे दहा ओळींचे आकडे त्याहून वजनदार ठरतात. घटकांच्या यादीचं म्हणाल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांच्या ताज्या आवृत्तीतल्या स्वरूपातच द्या. सुरक्षा लेखापरीक्षणाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

६. फाइल फिरते तेव्हा

पत्र आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. ईमेल केला असला तरी. पत्रावर प्रकल्पाचा कार्यादेश क्रमांक आणि दिनांक 'संदर्भ' म्हणून असलाच पाहिजे, नाहीतर ते कोणत्या नस्तीत लावायचं यातच आठवडे जातात.

निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला आहे, हे कक्ष अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारा. बऱ्याचदा प्रकल्प पाहणारे अधिकारी फक्त शिफारस करू शकतात आणि अट शिथिल करण्याचा अधिकार निविदा मंजूर करणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे असतो. आढावा बैठकीत विषय निघाला तर इतिवृत्तात तो नेमक्या शब्दांत आला का, हे त्याच आठवड्यात पाहा. 'भाषेबाबत चर्चा झाली' आणि 'शुद्धीकरण सेवेपुरती पायथनला मान्यता देण्यात आली' यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि इतिवृत्तात आलं तरी स्वतंत्र मान्यतेचं पत्र मागाच.

टिपणी लिहिणारी व्यक्ती तांत्रिक असेलच असं नाही. तुमच्या पत्राला एक पानाचा सारांश जोडा, साध्या मराठीत, इंग्रजी संक्षेप न वापरता. चांगला सारांश जवळजवळ जसाच्या तसा टिपणीत उतरतो, म्हणून तो लिहायला कंपनीतला सगळ्यात नीट लिहिणारा माणूस बसवा.

७. मान्यता मिळाल्यावरची कामं

मान्यतेचं पत्र आलं की एसआरएस (प्रणालीच्या गरजांचा दस्तऐवज) आणि आराखड्याच्या दस्तऐवजात बदल करून त्यांची नवी आवृत्ती मंजूर करून घ्या. यूएटी त्या दस्तऐवजावर होते, तुमच्या पत्रावर नाही.

डेटा सेंटरशी लगेच बोला. तिथल्या सर्व्हरवर पायथन असेलच असं नाही, आणि बहुतेक ठिकाणी सर्व्हरवरून इंटरनेट बंद असतं. पिप या पायथनच्या साधनाने इंटरनेटवरून पॅकेज उतरवून घेऊ, ही सवय तिथे चालत नाही. सगळी पॅकेजेस आधीच उतरवून, आवृत्त्या गोठवून, त्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासून न्यावी लागतात. हे आधी केलं नाही तर मान्यता हातात असून लोकार्पण लांबतं.

सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून होणाऱ्या सुरक्षा लेखापरीक्षणाच्या कक्षेत हा तुकडाही नाव घेऊन लिहा. मुख्य प्रणालीचं प्रमाणपत्र आलं आणि ही सेवा तपासायचीच राहिली, असं झालं तर लेखापरीक्षणाची फेरी पुन्हा.

८. नकार आला तर

कारण लेखी मागा. 'निविदेतील अट बदलता येत नाही' एवढंच उत्तर असेल तर दरवाजा त्या टप्प्यापुरता बंद आहे, वाद घालून तो उघडत नाही. काम ठरलेल्या भाषेत करा. त्यामुळे अचूकता किंवा वेग कमी पडत असेल तर तो मोजून आढावा बैठकीत आकड्यांसह नोंदवा. पुढचा टप्पा, देखभाल कराराचं नूतनीकरण किंवा नवी निविदा येईल तेव्हा विभागाच्याच दप्तरात ते आकडे असतील आणि मागणी तुमच्याऐवजी वापरणाऱ्या कार्यालयाकडून जाऊ शकेल. पण कारण नेमकं असेल, समजा देखभालीच्या मनुष्यबळाचं, तर पंधरा दिवसांत फक्त त्या मुद्द्याचं उत्तर देणारं दुसरं पत्र द्या. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक त्यात संदर्भ म्हणून घाला आणि जुना मजकूर पुन्हा लिहू नका.